टेक्सासमध्ये मतदानाला बंदुकीचं लायसन्स चालतं पण कॉलेजचं आयडी नाही, हे काय गौडबंगाल आहे?

प्लेनोकर:
मंडळी, नमस्कार. नुकताच सिटिझन झालोय, मतदार नोंदणीचं कार्डही घरी आलं, आता मार्चच्या प्रायमरीला (नोव्हेंबरसाठी पक्षांचे उमेदवार ठरवणारं मतदान) पहिल्यांदा मत देणार. बरोबर काय काय न्यायचं ते बघायला राज्याच्या साइटवर गेलो तर सात ओळखपत्रांची यादी. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं आयडी कार्ड, फक्त मतदानासाठी फुकट मिळणारं एक सर्टिफिकेट, मिलिटरी आयडी, पासपोर्ट, फोटोवालं सिटिझनशिप सर्टिफिकेट, इथपर्यंत सगळं ठीक, आणि मग हॅंडगन लायसन्स! दोनदा वाचलं. मुलगी इथल्याच सरकारी युनिव्हर्सिटीत शिकते, तिच्या कार्डावर फोटो आहे नाव आहे, पण ते त्या यादीत नाही. तिच्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स आहे म्हणून तिचं भागतंय, पण तिची रूममेट दुसऱ्या राज्यातून आलेली आहे, सिटिझन आहे, इथेच मत द्यायचंय, तिच्याकडे लायसन्स तिकडचं. तिने काय करायचं?

आणि दुसरं म्हणजे २०२१ पासून म्हणे बंदूक बाळगायला परवानाच लागत नाही, मग हे लायसन्स कोण काढतं आणि कशाला? लोक मतदानाला बंदुका लावून येतात का? हसू नका, घरी हा प्रश्न सिरियसली विचारला गेलाय.

तिसरं थोडं मोठं आहे. इथल्या सर्व्हेंमध्ये बहुसंख्य लोक बॅकग्राउंड चेक (बंदूक घेणाऱ्याची आधीच्या गुन्ह्यांची तपासणी) वाढवा, रायफल घ्यायचं वय २१ करा असं म्हणतात, आणि कायदे मात्र दरवेळी उलट्या दिशेने जातात. मग मत देऊन काय होतं हो?

निवडणूक_किडा:
रूममेटचं आधी, कारण तारखा निघून जातात. नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी व्हायला लागते, आणि टेक्सासमध्ये ऑनलाइन नोंदणी नाही (ड्रायव्हिंग लायसन्स ऑनलाइन रिन्यू करताना होते तेवढीच), म्हणजे फॉर्म छापा, सही करा, पोस्टात टाका, नाहीतर आमच्यासारखे व्हॉलंटियर डेप्युटी रजिस्ट्रार (नोंदणीचे फॉर्म घेणारे स्वयंसेवक) टेबल टाकून बसलेले असतात त्यांच्याकडे द्या.

दुसऱ्या राज्याचं लायसन्स त्या सातात बसत नाही. पासपोर्ट आहे का विचारा, असेल तर आईवडिलांना कुरिअर करायला सांगायचं, विषय संपला. मुदत संपलेला असला तरी १८ ते ६९ वयाला चार वर्षांपर्यंत चालतो, सत्तरीच्या पुढे कितीही जुना. सातपैकी खरंच काही नसेल आणि मिळवायलाही अडचण असेल तर बूथवर 'रीझनेबल इम्पेडिमेंट' नावाचा फॉर्म भरायचा, सोबत बँक स्टेटमेंट, लाइट बिल, पगाराची स्लिप, जन्मदाखला ह्यातलं काहीतरी दाखवायचं, मग नेहमीचंच मत देता येतं. पण लक्षात ठेवा, तो फॉर्म शपथेवर असतो. पासपोर्ट घरी कपाटात आहे आणि आणायचा कंटाळा आला म्हणून तो फॉर्म भरू नये. आयडी आहे पण बरोबर नाही अशी गत झाली तर प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं मत टाकायचं आणि सहा दिवसांत कौंटीच्या ऑफिसात जाऊन आयडी दाखवायचं. हे दुसरं पाऊल बरेच जण टाकतच नाहीत आणि मत मोजलं जात नाही.

हा फॉर्मसुद्धा सहज आलेला नाही. आयडीचा कायदा २०११ चा, सिनेट बिल १४. तेव्हा टेक्सासला निवडणुकीचे नियम बदलायचे तर वॉशिंग्टनची मंजुरी लागायची, ती अट जून २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेल्बी कौंटीच्या केसमध्ये काढून टाकली आणि टेक्सासने लगेच कायदा लागू केला. मग २०१४ मध्ये फेडरल जजने निकालात लिहिलं की ६ लाखांच्या आसपास नोंदणीकृत मतदारांकडे ह्या सातपैकी एकही कागद नाही. २०१६ ला अपील कोर्टानेही सांगितलं की ह्याचा फटका काळ्या आणि लॅटिनो मतदारांना जास्त बसतो. त्यानंतर २०१७ मध्ये विधिमंडळाने हा फॉर्मचा रस्ता कायद्यात घातला. यादी मात्र तीच ठेवली, कॉलेजचं कार्ड बाहेर ते बाहेरच.

जुना_ह्यूस्टनकर:
माझ्याकडे ते लायसन्स आहे म्हणून बोलतो. प्लेनोकर, दचकू नका. ते कार्ड देणारं खातं तेच जे ड्रायव्हिंग लायसन्स देतं, पब्लिक सेफ्टीवाले. बोटांचे ठसे घेतात, क्लास करावा लागतो, रेंजवर नेम धरून दाखवावा लागतो, ४० डॉलर फी. ओळख पटवायचा कागद म्हणून ते पक्कंच आहे. कॉलेजची कार्डं प्रत्येक कॉलेजची वेगळी, कशावर मुदत असते कशावर नसते, आणि तेच कार्ड एफ-वन, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आलेल्या पोरांकडेही असतं. माझ्या मते यादी करणाऱ्याने फार खोल कट केला असं काही नाही.

आता परवाना लागत नाही तर काढायचा कशाला. हाऊस बिल १९२७, १ सप्टेंबर २०२१ पासून लागू, त्याने विनापरवाना हॅंडगन बाळगायची मुभा दिली पण परवाना बंद केला नाही. फायदा असा की टेक्सासचं लायसन्स इतर बऱ्याच राज्यांत मानतात, आणि दुकानात बंदूक घेताना दरवेळी फोनवर बॅकग्राउंड चेक होतो तो टळतो. म्हणून अजूनही लोक काढतात.

आणि बूथवर बंदूक नाही म्हणजे नाही. लायसन्स असो नसो. मतदानाच्या दिवशी आणि अर्ली व्होटिंग चालू असताना मतदान केंद्राच्या आत बंदूक नेणं हा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे. शाळा, कोर्ट, मतदान केंद्र हे एकाच कलमात येतात. पार्किंग लॉटला ते कलम लागत नाही, गाडीत ठेवून या. म्हणजे गंमत अशी की बंदुकीचं लायसन्स दाखवून मत देता येतं पण ज्यासाठी लायसन्स आहे ती वस्तू मात्र बाहेर.

ऑस्टिनची_काकू:
ह्यूस्टनकर भाऊ, एक मुद्दा गाळलात. हॅंडगन लायसन्सला सिटिझन असायची अट नाही, ग्रीन कार्डवाल्यालाही मिळतं. म्हणजे 'परदेशी पोरांकडेही कॉलेजचं कार्ड असतं' हे कारण दिलं तर तेच कारण तुमच्या कार्डालाही लागू पडतं. सिटिझन आहे की नाही हे नोंदणीच्या वेळी बघायचं असतं, बूथवर फक्त 'हाच तो माणूस का' एवढंच बघतात.

पण खरं सांगू का, मला त्या यादीचा फार राग येत नाही. हॅंडगन लायसन्स काढायलाच ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं आयडी लागतं, म्हणजे ज्याच्याकडे हे आहे त्याच्याकडे ते असतंच. उद्या यादीतून हॅंडगन काढलं तरी एकाचंही मत अडणार नाही. कॉलेजचं कार्ड घातलं तर मात्र काही हजार पोरांचं काम होईल. सोशल मीडियावर लोक बंदुकीच्या नावाने ओरडत बसतात, ओरडायला हवं पोरांच्या नावाने.

एचवनवाला:
मधेच एक बावळट प्रश्न. आम्ही एच-१बी वाले. मत तर देता येत नाही. बंदूक घेता येते का? घ्यायची नाहीये, ऑफिसात वाद चाललाय.

निवडणूक_किडा:
नाही. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगता येत नाहीत, काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे शिकारीचं वैध लायसन्स. ग्रीन कार्ड आलं की बंदूक घेता येते, मत नाही. सिटिझन झालात की दोन्ही. आणि ग्रीन कार्डवर असताना कुणी कितीही आग्रह केला, डीपीएसच्या (लायसन्स देणारं पब्लिक सेफ्टी खातं) काउंटरवर विचारलं, तरी मतदार नोंदणीच्या चौकोनात टिक करायची नाही, नंतर सिटिझनशिप तर जातेच, डिपोर्टेशनपर्यंत जाऊ शकतं.

शिक्षा झालेल्यांचा क्रम ह्याच्या उलट आहे. टेक्सासमध्ये फेलनी झालेल्याची शिक्षा, पॅरोल, प्रोबेशन सगळं पूर्ण झालं की मताचा हक्क परत येतो, फक्त पुन्हा नोंदणी करायची. बंदूक राज्याच्या कायद्याने पाच वर्षांनी आणि तीही फक्त राहत्या घरात, आणि फेडरल कायद्याने तर तेवढीही नाही. बऱ्याच जणांना वाटतं एकदा जेलमध्ये गेलो की मत कायमचं गेलं. टेबलावर बसलं की दर वेळी असं कुणीतरी भेटतंच.

जुना_ह्यूस्टनकर:
तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण ह्या राज्यात बंदूक आणि मतपेटी पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेली आहेत आणि नवीन लोकांना हे माहीत नसतं.

लोकांना वाटतं टेक्सासमध्ये काउबॉयच्या काळापासून सगळे कमरेला पिस्तूल लावून फिरतात. अजिबात नाही. १८७१ पासून इथे पिस्तूल बाळगायला बंदी होती, शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ ती राहिली. राज्याच्या घटनेतच लिहिलंय की शस्त्र ठेवायचा हक्क आहे पण ते अंगावर बाळगण्याचं नियमन विधिमंडळ करू शकतं, गुन्हे रोखण्यासाठी. फिरली गोष्ट ऑक्टोबर १९९१ मध्ये. किलीन गावात लुबीज नावाच्या कॅफेटेरियात एकाने गाडी आत घुसवून गोळीबार केला, २३ माणसं मेली. त्यात सुझाना हप ह्यांचे आईवडील दोघंही. त्यांचं पिस्तूल कायद्याच्या भीतीने गाडीत ठेवलेलं होतं. त्यानंतर त्या बाईंनी बंदूक जवळ बाळगायचा परवाना मिळावा म्हणून गावोगावी साक्षी दिल्या आणि १९९६ ला स्वतः टेक्सासच्या हाऊसवर (विधिमंडळाचं खालचं सभागृह) निवडून आल्या.

१९९३ मध्ये विधिमंडळाने ठरवलं की ह्यावर लोकांचं मत घेऊ, बंधनकारक नाही नुसतं मत. गव्हर्नर ॲन रिचर्ड्स ह्यांनी ते बिलच व्हेटो केलं. पुढच्या वर्षी त्या जॉर्ज बुशकडून हरल्या, आणि बुशने १९९५ मध्ये परवान्याच्या कायद्यावर सही केली. त्या हरल्या त्याला कारणं बरीच होती, तरी बंदूकवाले आजही ती गोष्ट अभिमानाने सांगतात की बघा, आम्ही मत द्यायला जातो. मग २०१६ च्या जानेवारीत ओपन कॅरी (परवानावाल्याने बंदूक उघड बाळगणं), ऑगस्टमध्ये परवानावाल्यांना कॉलेज कॅंपसवर बंदूक न्यायची मुभा, २०२१ ला विनापरवाना. हे सगळे बदल निवडून आलेल्या लोकांनी केलेत, कुणी रात्रीत आणून ठेवलेले नाहीत. ज्यांना आवडत नाहीत त्यांनी मत द्यावं ना. २०१८ ला डेमोक्रॅट बेटो ओरोर्क सिनेटला तीन टक्क्यांपेक्षाही कमी फरकाने हरला. मग २०१९ ला आमच्या ह्यूस्टनच्याच डिबेटमध्ये एआर-१५ रायफली काढून घेणार म्हणाला, आणि २०२२ ला गव्हर्नरला उभा राहिला तेव्हा फरक जवळजवळ ११ टक्के.

ऑस्टिनची_काकू:
'मत द्यावं ना' एवढं सोपं असतं तर काय हवं होतं.

भाऊ, १९९३ ची गोष्ट तुम्ही चांगली सांगितलीत, पण त्यातच उत्तर आहे बघा. तेव्हा तरी लोकांना विचारायचं बिल निघालं. टेक्सासमध्ये लोकांनी सह्या गोळा करून राज्याचा कायदा थेट मतदानाला ठेवायची सोयच नाही. घटनादुरुस्ती येते मतदानाला, पण ती विधिमंडळाने दोनतृतीयांशने पाठवली तरच. शहरांना स्वतःचे बंदुकीचे नियम करायचा अधिकार नाही, राज्याने काढून घेतलाय, म्हणजे ऑस्टिनमध्ये कुणीही निवडून द्या, फरक पडत नाही. आणि विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा १४० दिवस बसतं. राहिलं काय तर आपला हाऊसचा आमदार आणि सिनेटर, आणि त्यांचे मतदारसंघ असे आखलेत की नोव्हेंबरला बहुतेक ठिकाणी चुरसच नसते. निकाल मार्चमध्ये लागलेला असतो.

मार्चला किती लोक जातात? २०२२ ला दोन्ही पक्ष मिळून नोंदणीकृत मतदारांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास. नोव्हेंबरला साधारण ४६. आणि हे सगळं नोंदणी झालेल्यांतले टक्के, नोंदणीच नसलेले वेगळे.

आता ह्याचा बंदुकीशी संबंध. २४ मे २०२२, युवाल्डी, रॉब एलिमेंटरी, १९ पोरं आणि दोन शिक्षिका. मारणारा १८ वर्षांचा, अठरावा वाढदिवस झाल्यावर दुकानातून रीतसर रायफली विकत घेतलेल्या. त्या घरच्या लोकांनी पुढच्या सेशनला कॅपिटलमध्ये (विधानभवनात) अक्षरशः मुक्काम ठोकला, मागणी एकच, अशा रायफलीचं वय १८ चं २१ करा. बिल होतं हाऊस बिल २७४४. कमिटीत पडून होतं. ६ मे २०२३ ला ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला, आठ जण गेले, प्लेनोकर तुमच्या शेजारीच. दोन दिवसांनी कमिटीने बिल ८ विरुद्ध ५ ने पास केलं, दोन रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं. मी तेव्हा कॅपिटलच्या कॉरिडॉरमध्ये होते, लोक रडत होते. पुढे ते बिल सभागृहात चर्चेलाच आलं नाही, मुदत संपली आणि मेलं.

त्या दोघांपैकी एक रॉकवॉलचे जस्टिन हॉलंड. २०२४ ला प्रायमरीच्या रनऑफमध्ये (दुसऱ्या फेरीत) हरले. फक्त त्या मतामुळे असं म्हणणार नाही, स्कूल व्हाउचरला (खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे) विरोध आणि ॲटर्नी जनरल पॅक्सटनच्या महाभियोगाला पाठिंबा हेही अंगावर आलं, पण ते मतही प्रचारात वापरलं गेलंच. दुसरे सॅम हार्लेस पुन्हा उभेच राहिले नाहीत.

आणि काँग्रेसमध्ये युवाल्डीचा मतदारसंघ तेव्हा रिपब्लिकन टोनी गोन्झालेस ह्यांचा होता. त्यांनी २०२२ ला वॉशिंग्टनमध्ये बंदुकीच्या सुरक्षेच्या बिलाला पाठिंबा दिला, राज्याच्या पक्षाने २०२३ मध्ये त्यांची निंदा करणारा ठराव केला आणि २०२४ च्या रनऑफमध्ये समोर कोण, तर बंदुकांचे व्हिडिओ करणारा यूट्यूबर. गोन्झालेस वाचले, पाचशेपेक्षाही कमी मतांनी. साडेसात लाखांहून जास्त वस्तीचा मतदारसंघ आणि त्या दिवशी मतं पडली ३० हजारांच्या आसपास. आमदार सर्व्हे वाचत नाहीत हो, ते ह्या ३० हजारांची यादी वाचतात.

प्लेनोकर:
काकू, ॲलनचा मॉल आमच्यापासून अगदी जवळ आहे. त्या दिवशी काय झालं होतं घरी ते इथे लिहीत नाही.

पण मग एक विचारतो, युवाल्डीच्या लोकांनी तरी नोव्हेंबर २०२२ ला काय केलं?

जुना_ह्यूस्टनकर:
युवाल्डी कौंटीने रिपब्लिकन गव्हर्नर ॲबटना सुमारे ६० टक्के मतं दिली. तेच मी म्हणतोय. काकूंचा प्रायमरीचा मुद्दा मान्य आहे, पूर्ण मान्य, पण बंदूक हा लोकांच्या मनातला पहिला मुद्दा नसतो. सर्व्हेत फोनवर विचारलं तर वय २१ करा म्हणतात, आणि मत देताना बॉर्डर, तेल, प्रॉपर्टी टॅक्स बघतात. बंदूकवाला मात्र बंदूक बघूनच मत देतो. शंभर लोकांना थोडंथोडं पटणं आणि दहा लोकांनी त्यासाठीच घराबाहेर पडणं ह्यात दहा जिंकतात. २०१९ ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये २३ गेले, त्याच महिन्यात मिडलंड-ओडेसाला सात. ओडेसावाला तर दुकानात बॅकग्राउंड चेकमध्ये आधी नापास झालेला, नंतर खासगी विक्रीतून रायफल मिळाली, कारण खासगी विक्रीला इथे चेक लागत नाही. तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक स्वतः म्हणाले की अनोळखी माणसाला विकताना चेक हवा, एनआरएला (बंदूकवाल्यांची मोठी संघटना) अंगावर घ्यायची तयारी आहे. पुढच्या सेशनला काय आलं? विनापरवाना कॅरी. मी स्वतः बंदूकवाला, पण खासगी विक्रीला चेक असावा ह्या मताचा आहे, आणि माझ्यासारखे रेंजवर खूप भेटतात. फोन मात्र आमदाराला कुणी करत नाही, मी पण नाही.

ऑस्टिनची_काकू:
करा की मग! तुमचा फोन माझ्या दहा फोनांपेक्षा जास्त ऐकतील, लायसन्सवाला माणूस आहे म्हणून.

एचवनवाला:
म्हणजे मत नसलेल्याने फोन केला तर चालतो का?

निवडणूक_किडा:
चालतो. त्या भागात राहता, टॅक्स भरता, ऑफिसातली पोरं नाव आणि झिप कोड लिहून घेतात, व्हिसा विचारत नाहीत. कमिटीच्या सुनावणीला साक्षही देता येते. पैसे मात्र कुठल्याही उमेदवाराला देऊ नका, ग्रीन कार्ड येईपर्यंत ते बेकायदेशीर आहे.

प्लेनोकर:
बरं शेवटचं, मी कुठल्याच पक्षाचा सदस्य नाही. मार्चला मला आत घेतील का? आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी जाता येईल का, मंगळवारी ऑफिस असतं.

निवडणूक_किडा:
टेक्सासमध्ये पक्षाची नोंदणीच नसते, ओपन प्रायमरी. टेबलावर विचारतील कुठल्या पक्षाचं बॅलट देऊ, त्यातलं एक सांगायचं, नोव्हेंबरला हवं त्याला मत द्यायला मोकळे. फक्त एक, मार्चला ज्या पक्षाचं बॅलट घेतलंत, मेच्या रनऑफला त्याच पक्षाचं मिळेल, दुसऱ्याचं नाही. मार्चला गेलाच नाहीत तर रनऑफला कुठलंही. तुमच्या मतदारसंघात खरी चुरस कुठल्या पक्षात आहे ते आधी बघा आणि ते बॅलट घ्या, मनातला पक्ष कुठलाही असो. ह्यावर ह्यूस्टनकर आणि काकू दोघंही मला शिव्या देतील, पण माझा तरी हिशोब असाच असतो.

मंगळवारची गरजच नाही, अर्ली व्होटिंग असतं, कौंटीतल्या कुठल्याही केंद्रावर जाता येतं, वार आणि वेळा कौंटीच्या साइटवर बघा कारण सगळीकडे सारख्या नसतात. आत जाताना फोन बंद करून खिशात, १०० फुटांच्या आत फोन वापरायला परवानगी नाही, तेव्हा उमेदवारांची नावं कागदावर लिहून न्या. प्रायमरीचं बॅलट लांबलचक असतं, जजही इथे निवडून येतात, त्यांचीच दोन पानं निघतील.

जुना_ह्यूस्टनकर:
शिव्या नाही देत. मी गेली कित्येक वर्षं तेच करतो, फक्त काकूंना सांगू नका कुठलं बॅलट घेतो ते.